सुप्याच्या वह्या व खेड्यांतील शाळा

ता. १२ मे १८७५ (शके १७९७) रोजीं सुपें येथें बाजारच्या दिवशीं कुणब्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें लुटलीं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें. हल्लीं तें बारामती तालुक्यांत आहे. दंग्याचीं कारणें पुष्कळांनीं दिलीं आहेत. अमेरिकेंतील यादवी युद्धानें (१८६१–६५) चढलेला कापसाचा भाव युद्ध संपतांच उतरला. ज्या इंदापुरांत गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीचा सारा १८३६ सालीं प्रथम बसला, तेथेंच तीस वर्षांची मुदत सरतांच १८६७ त तो वाढला. सावकारानें हात आखडला. परंतु शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीनें या दंग्याचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं, असें आम्हांस वाटतें. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खतें, रोखे व वह्या हातीं लागतांच त्यांची होळी होई. माणसांच्या जिवावर सहसा कोणी उठलें नाहीं.

हे कागद मोडींत असत. ज्याचें नांव त्यांत, त्यास ते बहुधा वाचतां येत नसत. नांगराची निशाणी तेवढी तो करी. पंतोजीच्या शाळेंत मोडी अक्षर व पावकी-निमकी शिकवीत खरें, पण तेथें मुलें बसत तीं बहुतेक ब्राह्मणांचीं व वाण्या-उदम्यांचीं. १८५५ त शिक्षणखातें निघालें, छापील बालबोध पुस्तकें आलीं, व पुढें साऱ्याच्या रुपयामागें १ आणा लोकलफंड घेऊन त्याचा तिसरा हिस्सा शाळांस मिळूं लागला. म्हणजे शाळेचा पैसा कुणब्याचा, आणि खतावरची निशाणीही त्याचीच!

दंग्यानंतर १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. खत नोंदणी-कामगारासमोर लिहिलें जावें, असें त्यांत ठरलें. न वाचणाऱ्याच्या शेजारीं सरकारनें एक वाचणारा बसविला, इतकेंच.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनास दिलेल्या निवेदनांतील क्रम यासाठींच पाहण्याजोगा आहे. प्रथम मोडी व बालबोध लेखन-वाचन आणि हिशेब. मग इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख. शिवाय शेतीचें ज्ञान, नीति व आरोग्य. शिक्षकही शक्य तों शेतकरीवर्गांतला, नांगर धरण्यास न लाजणारा. आम्हीं सारा जन्म रूपावलि घोकवून घेण्यांत घालविला. व्याकरण इतकें मागें गेलेलें पाहून प्रथम वाईट वाटलें. सुप्याच्या वह्या आठवल्यावर क्रम पटला.

आज इंदापूरचीं द्राक्षें व डाळिंबें परदेशीं जातात, आणि त्या व्यवहाराचे कागद इंग्रजींत असतात. २०२० चें राष्ट्रीय धोरण शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत मातृभाषा व सहावीपासून व्यवसायशिक्षण सांगतें. तें योग्यच. परंतु वरच्या इयत्तांत असा एखादा कागद मुलांपुढें ठेवून वाचून घेतात काय, हें शाळाशाळांतून पाहिलें पाहिजे.

या दोन तालुक्यांत कोणाच्या घरीं १८७५ पूर्वींचीं खतें उरलीं असल्यास तीं मंडळाकडे पाहावयास द्यावीं. निशाण्या किती व सह्या किती, एवढें मोजावयाचें आहे.