बेगम हजरत महल यांचं काठमांडू

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी इतिहासाचे सर लांब रजेवर गेले आणि आठवीचा इतिहास माझ्या गळ्यात पडला. १८५७ चा धडा संपवताना मी सांगितलं की लखनौ पडल्यावर बेगम हजरत महल नेपाळात निघून गेल्या, नानासाहेब पेशवेही तिकडेच गेले. फळा पुसायला वळलो तर मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "फिर आगे क्या हुआ, सर?"

मला माहीत नव्हतं. "निघून गेल्या" एवढं म्हणून मी तिथं पूर्णविराम देत आलो होतो, आणि माझ्या गुरुजींनीही तेच केलं होतं. त्या दिवशी "कल बताता हूँ" म्हणून वेळ मारून नेली. नंतर वाचायला लागलो, आणि मे महिन्यात आमच्या ओळखीच्या शिक्षकांची नेपाळ सहल ठरली तेव्हा बायकोला घेऊन मीही नाव दिलं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सरहद्द, मग डोंगरातली बस. त्या बसविषयी न लिहिलेलंच बरं.

सहलीच्या यादीत पशुपतिनाथ, स्वयंभू, बौद्धनाथ, पाटण, भक्तपूर अशी नेहमीची ठिकाणं होती. स्वयंभूच्या टेकडीवर, त्या पांढऱ्या स्तूपाखाली उभं राहून गाईडनं सांगितलं की चौदाव्या शतकात मुसलमानांनी हा स्तूप जाळला होता. सगळ्यांच्या नजरा क्षणभर आमच्या दोघांकडे वळल्या आणि लगेच दुसरीकडे गेल्या. एक सहकारी हळूच म्हणाले, "सर, मनावर घेऊ नका."

मनावर घेण्यासारखं होतं, कारण ते खरं होतं. बंगालचा सुलतान शम्सुद्दीन इलियास शाह १३४९ मध्ये काठमांडूच्या खोऱ्यात उतरला, त्याच्या फौजेनं स्वयंभू आणि पशुपतिनाथ दोन्हींची नासधूस केली. स्वयंभूची पुढे डागडुजी झाली, १३७२ चा शिलालेख तिथंच त्याची साक्ष देतो. झालेली गोष्ट झाली नाही असं म्हणायला मी वकील नाही. पण इलियास शाह लुटून थोड्याच दिवसांत परत गेला, तो या खोऱ्यात राहिला नाही. जे राहिले ते कोण होते, हे गाईडनं सांगितलं नाही. त्याच्या पाठांतरात ते नसावं.

दुसऱ्या दिवशी हनुमानढोक्याचा जुना राजवाडा पाहून झाला आणि खरेदीसाठी अर्धा दिवस मोकळा मिळाला. मंडळी पश्मिना शाली शोधायला गेली. मी राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीतल्या एका लांबट शिलालेखापुढे थांबलो. राजा प्रतापमल्लानं तो १६५४ मध्ये कोरून घेतला. कालिकेची स्तुती आहे, आणि त्यात पंधरा लिप्या असल्याचं सांगतात. फ्रेंच शब्द आहेत, फारसी-अरबी लिपीही आहे. लोक म्हणतात, हा लेख जो पूर्ण वाचेल त्याच्यासाठी खालच्या धारेतून दूध येईल. उर्दूच्या मास्तराला हे आव्हानच. मी नाक लावून बराच वेळ पाहिलं. झिजलेली अक्षरं, पण वळण ओळखीचं. बायको म्हणाली, "दूध आलं का?" दूध आलं नाही. पण हिमालयाच्या कुशीतल्या एका हिंदू राजाला देवीच्या स्तुतीच्या शेजारी आपली लिपी हवीशी वाटली, हे पाहून बरं वाटलं. याच राजाच्या काही नाण्यांवर मुघल नाण्यांची नक्कल केलेली फारसीसारखी अक्षरं आहेत. कोरणाऱ्याला ती वाचता येत नसावीत, पण बाजारात तेच वळण चालत होतं.

तिथून इंद्रचौक पायी काही मिनिटांवर. चौकाच्या बोळात पोते बाजार आहे. बारीक काचमण्यांचे पदरच पदर, लाल, हिरवे, पिवळे, छोट्या छोट्या गाळ्यांत टांगलेले. नेपाळी हिंदू बायकांचं हे सौभाग्यलेणं, पोते. आपल्याकडे काळी पोत म्हणतात, तोच शब्द. आणि गाळ्यात मांडी घालून ते ओवणारे दुकानदार बहुतेक मुसलमान. आपल्या गावोगावच्या आठवडी बाजारात हिंदू सुवासिनींच्या हातात बांगड्या भरणारा मणियार मला आठवला. नेपाळच्या डोंगराळ भागात, गोरखा-तनहूँकडे, बांगड्या विकणाऱ्या मुसलमानांची वेगळी जमातच आहे, चुरौटे म्हणतात त्यांना. चुडा विकणारे म्हणून चुरौटे. कोणी राजा त्यांच्यावर खूश होता म्हणून ते टिकले असं नाही. सणाला पोते आणि चुडा लागतो म्हणून ते टिकले.

काश्मिरी व्यापारी त्याहून जुने. रत्नमल्ल राजाच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस, ते काठमांडूत आल्याचं वंशावळी सांगतात. ल्हासापर्यंत त्यांचा व्यापार होता, लोकर, कस्तुरी, सोनं. तिबेटात काश्मिरी मुसलमानांना खाचे म्हणतात. १९५९ नंतर तिबेट सोडून आलेल्यांपैकी काही काठमांडूतही स्थिरावले. पृथ्वीनारायण शाहानं गोरख्यात असताना बंदुका आणि तोफांच्या कामासाठी हिंदुस्थानातून माणसं आणली, त्यांत शेख जरबर आणि मोहम्मद तकी ही नावं आहेत. त्यानं १७६८ मध्ये काठमांडू जिंकलं आणि मल्ल राजांचे हेर असल्याच्या संशयावरून काश्मिरी व्यापाऱ्यांपैकी अनेकांना बाहेर काढलं. एकाच राजाला तोफ ओतणारा मुसलमान हवा होता, गालिचा विकणारा नको होता.

असनच्या गर्दीतून बाहेर पडलं की समोर राणीपोखरी. हाही प्रतापमल्लाचाच तलाव, मुलाच्या मरणानं खचलेल्या राणीसाठी १६७० मध्ये बांधलेला. तलावापलीकडे त्रिचंद्र कॉलेजचं घंटाघर. आणि घंटाघराच्या पलीकडे, वाहनांच्या गोंगाटात, दोन मशिदी. एक काश्मिरी तकिया, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची मानली जाणारी. दुसरी जामे मशीद. तिच्या आवारात बेगम हजरत महल आहेत.

आता त्या मुलीचा प्रश्न.

१८५६ मध्ये कंपनीनं अवध खालसा केलं, नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले, बेगम लखनौत राहिल्या. जुलै १८५७ मध्ये त्यांनी बारा वर्षांच्या मुलाला, बिर्जिस कद्रला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ परत घेतलं. तेव्हा इंग्रजांच्या मदतीला गोरखा फौज घेऊन आले होते नेपाळचे पंतप्रधान जंगबहादुर राणा, स्वतः. नोव्हेंबरात राणीचा जाहीरनामा निघाला, त्याला बेगमनी उलट जाहीरनाम्यानं उत्तर दिलं. इंग्रजांनी मोडलेले करार त्यात मोजून दाखवले होते, आणि हिंदुस्थानी लोकांना रस्ते बांधण्या-कालवे खणण्यापलीकडे यांनी काय देऊ केलंय, असा सवाल होता. वर्षाच्या अखेरीस मागे इंग्रज फौज आणि पुढे तराईचं हिवतापाचं जंगल, अशा अवस्थेत बेगम, नानासाहेब आणि उरलेले शिपाई नेपाळच्या हद्दीत शिरले.

म्हणजे त्या आश्रय मागायला गेल्या ते त्याच जंगबहादुरांकडे, ज्यांच्या फौजेनं त्यांचं लखनौ लुटलं. जंगबहादुर आधी तयार नव्हते. मग बेगमना आणि मुलाला राहू दिलं. नानासाहेबांच्या घरच्या बायकांनाही आसरा मिळाला. शिपायांना मात्र थारा मिळाला नाही.

जंगबहादुरांना इंग्रजांकडून बक्षीसही मिळालं. बाँके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर हा तराईचा पट्टा १८६० मध्ये नेपाळला दिला गेला. नेपाळी लोक त्याला नयाँ मुलुक म्हणतात. गोरख्यांशी झालेल्या युद्धानंतर १८१६ मध्ये कंपनीनं तराईतला मुलूख एक कोटीच्या कर्जाच्या बदल्यात अवधच्या नवाबाला दिला होता. त्यामुळे तिथं राहणारे अवधी बोलणारे मुसलमान घर न सोडता नेपाळी झाले. बाँक्यातल्या नेपाळगंजमध्ये आजही अवधी कानावर पडते. २०२१ च्या जनगणनेत नेपाळात मुसलमान सुमारे पाच टक्के, चौदा लाखांच्या वर आहेत, आणि त्यांतले बहुतेक तराईतलेच. त्यांना "बाहेरून आलेले" म्हणणाऱ्यांनी आधी सरहद्द कोणी हलवली ते पाहावं.

भाषेच्या मास्तराला खटकलेली आणखी एक गोष्ट. जंगबहादुरांनीच १८५४ मध्ये मुलुकी ऐन नावाचा कायदा आणला. त्यात जातींची उतरंड होती आणि मुसलमानांना "पाणी न चालणाऱ्या" गटात टाकलं होतं. १९६३ पर्यंत हे कायद्यात राहिलं. बेगम वीस वर्षं राहिल्या त्या या कायद्याखाली. त्या कायद्याचं नाव मात्र मुल्क आणि आईन या आपल्याच दोन शब्दांवरून. शब्दांचा विटाळ झाला नाही.

इंग्रजांनी पेन्शन देऊ केली होती, परतही येता आलं असतं. बेगमनी ती घेतली नाही. ७ एप्रिल १८७९ रोजी त्या काठमांडूतच वारल्या आणि त्यांनीच बांधवलेल्या मशिदीत दफन झाल्या. लोक तेव्हा तिला हिंदुस्थानी मशीद म्हणत. मशिदीची जुनी इमारत आता नाही, नवी मोठी उभी आहे. बिर्जिस कद्र नेपाळ सोडून कलकत्त्याला परतले आणि १८९३ मध्ये तिथंच त्यांचा विषबाधेनं मृत्यू झाला.

कबर साधी आहे. मी घुमट, संगमरवर असलं काहीतरी मनात धरून गेलो होतो. लखनौत १९६२ मध्ये व्हिक्टोरिया पार्कला त्यांचं नाव मिळालं, १९८४ मध्ये टपाल तिकीटही निघालं. इथं मात्र रस्त्यावरून जाणाऱ्याला कळणारही नाही. आम्ही फातेहा पढलो. जवळच एक म्हातारे गृहस्थ वजू करत होते, त्यांनी विचारलं, "इंडिया से?" मी हो म्हणालो. "महाराष्ट्र," बायको म्हणाली. ते म्हणाले, "लखनऊवाले आते हैं कभी-कभी. उधर से कोई नहीं आता."

मी त्यांना २००४ बद्दल विचारलं. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस नोकरीसाठी गेलेल्या बारा नेपाळी मजुरांना इराकमध्ये अतिरेक्यांनी मारलं, आणि १ सप्टेंबरला काठमांडूत जमावानं राग याच जामे मशिदीवर काढला. आत घुसून तोडफोड केली, कुराणं जाळली, शहरात संचारबंदी लागली. ज्यांच्या वाडवडिलांनी पाच शतकं इथल्या बायकांना पोते विकलं, त्यांच्याकडे इराकचा हिशेब मागितला गेला. म्हातारबुवांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पडोसियों ने ही झाड़ू लगवाया बाद में." यापुढे ते या विषयावर बोलले नाहीत.

संध्याकाळी हॉटेलात सहकाऱ्यांनी शाली दाखवल्या. बायकोनं हिरवं पोते दाखवलं. स्वयंभूवर "मनावर घेऊ नका" म्हणालेले सर विचारायला लागले, तुम्ही कुठं होता? मी सांगितलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी बस दहाला आहे, आधी जाऊन येऊ का?" सकाळी आम्ही सात जण गेलो. त्यांनी चप्पल बाहेर काढली, कबरीसमोर हात जोडले आणि नानासाहेबांचं इथं काही आहे का, असं त्याच म्हातारबुवांना विचारलं. त्यांनी मान हलवली.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी आता नववीत होती. मधल्या सुट्टीत तिला बोलावून मोबाईलवर कबरीचा फोटो दाखवला, तारीख सांगितली, जंगबहादुर सांगितले, मशीद सांगितली. तिनं फोटो दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला.

"और नानासाहेब, सर?"

त्यांचा शेवट कुठं झाला यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, असं मी सांगितलं. घंटा झाली. "मतलब वो भी पूछना बाकी है," म्हणून ती वर्गाकडे पळाली.