जुन्या छायाचित्रांतील विमानें

महोत्सवाच्या निमित्तानें घराघरांतील जुनीं छायाचित्रें पेट्यांतून बाहेर निघालीं आहेत. लग्नाचीं व बाप्तिस्म्याचीं चित्रें पाहतां पाहतां मध्येंच एकादें निराळें चित्र हातीं येतें: ओसाड मैदान, एकावर एक असे दुहेरी पंख असलेलें विमान, आणि त्याच्या चाकापाशीं खाकी वेषांत उभा असलेला तरुण. "हा कोण?" असें विचारलें असतां मंडळी म्हणतात, "आजोबांच्या वेळचें, कराचीकडचें कांहीं तरी असेल." आणि चित्र पुन्हां पेटींत जातें. वाचकहो, तें इतक्या लवकर पेटींत ठेवूं नये, अशी आमची विनंती आहे.

कराचीचें नांव ऐकून नवल वाटण्याचें कारण नाहीं. १ एप्रिल १९३६ रोजीं सिंध प्रांत वेगळा झाला, तोंपर्यंत तें शहर मुंबई इलाख्यांतच मोडत असे. आणि मराठी व गोमंतकीय कुटुंबें नोकरीधंद्यासाठीं तेथें जाऊन राहिलीं होतीं. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं स्थापन झालेल्या हिंदी विमानदळाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिग रोड येथेंच उभी राहिली. सहा अधिकारी, १९ हवाई शिपाई व चार 'वापिटी' विमानें, एवढाच तिचा संसार होता. हीच तुकडी १९३७ सालीं वझिरिस्तानांत मिरानशाह येथून प्रथम कामगिरीवर गेली.

चित्रांतील विमान ओळखणें फारसें कठीण नाहीं. वापिटीच्या तोंडाशीं एंजिनाचीं नळकांडीं चक्राच्या आऱ्यांप्रमाणें गोलाकार मांडलेलीं दिसतात. पंखांवर कापड ताणलेलें असून बसण्याच्या दोन्ही जागा उघड्या असतात. नाक निमुळतें असेल, तर तें मागाहून आलेलें 'हार्ट' असण्याचा संभव आहे. पाठीमागें डोंगराएवढें हँगर दिसलें, तर स्थळ ड्रिग रोड समजावें. तें 'आर १०१' या अजस्र हवाई जहाजासाठीं बांधलें होतें. परंतु ५ ऑक्टोबर १९३० रोजीं फ्रान्समध्यें तें जहाज कोसळून ४८ जीव गेले, आणि हँगर त्या जहाजाविनाच राहिलें. आज तेंही उरलें नाहीं.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. हिंदुस्थानांतील ब्रिटिश विमानदळाच्या तुकड्यांपाशींही वापिटी होतीं व त्यांवरील वर्तुळाकार खूणही तीच होती. म्हणून केवळ विमानावरून त्या तरुणाची तुकडी ठरवितां येत नाहीं. तो हवाई शिपाई असेल, कारागीर असेल, किंवा कचेरींतला कारकूनही असेल.

त्या पहिल्या अधिकाऱ्यांपैकीं सुब्रतो मुखर्जी १९५४ सालीं भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांचें नांव इतिहासांत राहिलें. परंतु ज्यांनीं एंजिनें दुरुस्त केलीं, तेलानें हात काळे केले आणि विमान सुखरूप परत येईपर्यंत आकाशाकडे डोळे लावले, त्यांचीं नांवें कितीजणांस ठाऊक आहेत? तीं घरांतील वृद्धांच्या स्मरणांतच उरलीं आहेत, आणि ते वृद्धही एकेक करून आपणांतून जात आहेत.

म्हणून आम्ही प्रत्येक घरास विनवितों: चित्र घेऊन वडीलधाऱ्यांपाशीं बसा. नांव, गांव, साल जें कळेल तें चित्राच्या मागें कडेला मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें लिहा. शाई वापरूं नका. विमानाचें नांव पुस्तकांत पुढेंही सांपडेल. चाकापाशीं उभ्या असलेल्या त्या तरुणाचें नांव मात्र आज विचारलें नाहीं, तर पुन्हां मिळणार नाहीं.