रात्र नसलेलं रात्रीचं चित्र

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मी रेम्ब्रांच्या 'नाईट वॉच' या चित्रावर एक लेख खरडला होता. काळोख म्हणजे माणसाच्या मनातलं अज्ञात, रात्र म्हणजे येणारं संकट... वगैरे वगैरे. (तो लेख आता कुणाकडे नसावा अशी आशा आहे!) गंमत म्हणजे त्या चित्रात रात्र नाहीच.

रेम्ब्रांने ते १६४२ मध्ये पूर्ण केलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या नागरी दलाचा कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉक आपल्या तुकडीला कूच करायला सांगतोय, एवढाच प्रसंग. त्याने पुढे केलेल्या हाताकडे नीट बघा. त्याची ठसठशीत सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडलीय. डावीकडून, वरून येणारा दिवसाचा उजेड आहे तो!

मग रात्र आली कुठून? वॉर्निशमधून. वर्षानुवर्षांचं काळवंडलेलं वॉर्निश आणि त्यावरची धूळ-काजळी यांनी चित्र इतकं अंधारलं, की अठराव्या शतकाच्या अखेरीला लोक त्याला रात्रीची गस्त म्हणू लागले. चित्राने खरा अंधार पाहिला तो दुसऱ्या महायुद्धात, गुंडाळी करून मास्ट्रिख्टजवळच्या भुयारात लपवलं तेव्हा. युद्धानंतर १९४६-४७ मध्ये सफाई झाली आणि दिवस वर आला. नाव मात्र तेच राहिलं.

पण म्हणून माझा लेख शंभर टक्के टाकाऊ होता का? तसंही नाही हो. पैसे मोजून चित्रात आलेल्या काही शिपायांचे चेहरे रेम्ब्रांने खुशाल सावलीत ठेवलेत, आणि सगळा झगमगाट एका लहानशा मुलीवर ओतलाय, जिच्या कमरेला चक्क मेलेली कोंबडी लटकतेय. हा अंधार त्याचा स्वतःचा. वरचा मळाचा. मी दोन्हींचा एकच अर्थ लावून मोकळा झालो होतो. दुसऱ्याचा जुना कोड वाचतानाही हेच होतं म्हणा. मूळ माणसाने मुद्दाम काय केलं आणि नंतर काय साचलं, हे कळेपर्यंत अर्धा दिवस जातो.

पुढे ऑनसाइटला असताना एका रविवारी राइक्सम्युझियममध्ये गेलो. शेजारी एक पुणेरी काका मुलीला सांगत होते, "बघ, रात्र कशी रंगवलीय!" राहवलं नाही. "काका, त्या हाताची सावली बघा," म्हटलं, आणि सगळी कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग नाव का नाही बदलत हे लोक?"

आता याला काय उत्तर देणार?