पावसांतलें शहर आणि कॅमेरा

छायाचित्रणाच्या आरंभकाळीं भर वस्तीचा रस्ताहि चित्रांत ओस दिसे. दागेरनें १८३८ सालीं पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांप्ल या गजबजलेल्या मार्गाचें चित्र घेतलें. परंतु त्यास कित्येक मिनिटें लागल्यामुळें चालतीं माणसें व धांवत्या गाड्या त्यांत उमटल्याच नाहींत. बूट पुसून घेण्यासाठीं थांबलेला एक गृहस्थ तेवढा ओळखूं येतो. बूट पुसणारा अंधुकच.

मग पावसाच्या मंद उजेडांत रस्त्याचें चित्र कोण घेणार? १८७१ सालीं मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची युक्ति प्रसिद्ध केली, आणि पुढें या कांचा पुष्कळच शीघ्रग्राही झाल्या, तेव्हां कोठें हें साधलें. न्यूयॉर्कचा आल्फ्रेड स्टिग्लिट्झ १८९३ सालीं हातांत धरण्याचा कॅमेरा घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिमवादळांत तीन तास उभा राहिला. दुसऱ्या वर्षीं त्यानें पॅरिसचा भिजलेला हमरस्ता टिपला. रस्ता ओला झाला कीं आरसा बनतो आणि उजेड खालूनहि येतो, हें त्यानें नेमकें हेरलें होतें.

त्याचें सुमारें १९०० सालचें ‘वसंतांतील सरी’ हें न्यूयॉर्कचें चित्र मला याहून मोलाचें वाटतें. कठडा घातलेलें एक किरकोळ झाड, धूसर झालेल्या गाड्या, आणि पावसाळी कोट घालून रस्ता झाडणारा एक मनुष्य. डोळा आधीं झाडाकडे जातो. झाडूवाला चित्राचा तोल सांभाळणारा केवळ एक काळा ठिपका वाटतो. पॅरिसच्या त्या गृहस्थाप्रमाणें याचेंहि नांव कोणास ठाऊक नाहीं. मात्र तो आपल्या सोयीनें थांबला होता. हा सरींत भिजत कामावर होता.