रेझिग्नेशन सिंड्रोम : आश्रयार्थी मुलांचा निःशब्द आजार

आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलेल्या किंवा अनेक वर्षे निर्णयाविना खोळंबलेल्या कुटुंबांतील मुले प्रथम खेळणे, मग बोलणे, नंतर खाणे-पिणे सोडतात आणि अखेरीस डोळे मिटून निश्चेष्ट पडून राहतात. या अवस्थेला 'रेझिग्नेशन सिंड्रोम' म्हणतात. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे रुग्ण प्रथम आढळले. २००३ ते २००५ या काळात त्यांची संख्या ४०० च्या पुढे गेली. बहुतांश मुले पूर्वीच्या सोव्हिएत संघातील आणि युगोस्लाव्हियातील अल्पसंख्याक कुटुंबांतील होती. पुढे त्यांत याझिदी मुलांचीही भर पडली.

अशा मुलाला नाकातील नळीद्वारे अन्न द्यावे लागते. वेदनेलाही ते प्रतिसाद देत नाही. मात्र तपासण्यांत शारीरिक विकार सापडत नाही. सांधे आखडू नयेत म्हणून आई-वडील त्याचे हातपाय हलवतात, त्याला कुशीवर वळवतात. ही शुश्रूषा कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ चालते. स्वीडनच्या आरोग्य प्रशासनाने २०१४ मध्ये या आजाराला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला.

आजाराभोवतीचा वाद मात्र शमलेला नाही. मुले सोंग करतात किंवा पालकच त्यांना औषधे देतात, असे आरोप सुरुवातीपासून झाले. आपल्याला आजाराचे नाटक करायला भाग पाडले गेले, असे बालपणी रुग्ण ठरलेल्या दोघांनी २०१९ मध्ये एका स्वीडिश नियतकालिकाला सांगितले. त्यांची साक्ष गंभीर आहे. परंतु तिच्या आधारे शेकडो मुलांना लबाड ठरवणे अन्यायाचे होईल.

उपचारांबाबतही दोन मते आहेत. निवासाचा परवाना मिळून कुटुंबाला सुरक्षितता लाभली की मूल हळूहळू सावरते, असे अनेक डॉक्टर दीर्घकाळ मानत आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र परवान्यापेक्षा मुलाला काही काळ पालकांपासून दूर ठेवणे परिणामकारक असल्याचा निष्कर्ष मांडला. त्यातील रुग्णसंख्या लहान होती, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. आधीच विस्थापित झालेल्या मुलाला आईपासून वेगळे करण्याचा हा उपाय अनेकांना अस्वस्थ करतो.

हा आजार केवळ स्वीडनपुरता असल्याचा समज २०१८ मध्ये ढळला. ऑस्ट्रेलियाने आश्रयार्थींना ठेवलेल्या नाउरू या प्रशांत महासागरातील बेटावरही अशीच लक्षणे असलेली मुले आढळली. न्यायालयाच्या आदेशांनंतर अनेक आजारी मुलांना उपचारांसाठी ऑस्ट्रेलियात हलवण्यात आले. नाउरूवरील अखेरची आश्रयार्थी मुले फेब्रुवारी २०१९ मध्ये बेटाबाहेर पडली.