गहुलीचे नाईकसाहेब आणि आजीची हजेरी



१ जुलैला आपण कृषी दिन साजरा करतो. तो कोणाच्या जन्मदिवसाला, असं मी परवा गटाच्या बैठकीत विचारलं. वसंतराव नाईकांचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला, पण त्यांचं काम थोड्याच जणींना माहीत होतं. म्हणून आज त्यांच्याबद्दल सांगते.

नाईकसाहेब आपल्याच जिल्ह्याचे. १ जुलै १९१३ ला पुसद तालुक्यातल्या गहुलीत, बंजारा समाजातल्या शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. नागपूरला ते वकिली शिकले. १९४१ साली त्यांनी वत्सलाताई घाटे यांच्याशी लग्न केलं. त्या काळात जातीबाहेरचं लग्न म्हणजे लहान गोष्ट नव्हती. १९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ ला आमदार, पुढे मंत्री आणि ५ डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्री. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून जास्त, ते त्या पदावर होते. राज्यातली चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळात उभी राहिली. संकरित ज्वारीही तेव्हाच गावोगाव पोचली.

१९७२ ला मोठा दुष्काळ पडला. सरकारनं रस्ते, तलाव, बांधबंदिस्तीची कामं काढली. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची. ती सांगायची, "शेतातली मजुरी तुझ्या आजोबाच्या हाती जाये. तिथं मात्र हजेरीपटावर माझं नाव होतं, अन् पैसे माझ्या हातावर मोजले." घरातल्या बाईचं नाव सरकारी कागदावर येण्याची ती पहिलीच वेळ होती.

मागेल त्याला काम, हा विचार वि. स. पागे यांचा. नाईक सरकारनं तो राज्यभर नेला. त्याचा कायदा १९७७ साली झाला आणि २००५ साली देशानंही रोजगार हमीचा कायदा केला.

सगळंच सुटलं असं नाही. कापसाची एकाधिकार खरेदी नाईकसाहेबांच्या काळात सुरू झाली, तरी कोरडवाहू शेतकऱ्याचं दुखणं गेलं नाही. या जिल्ह्यात पुढे किती घरांचे कर्ते पुरुष गेले, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या गटांतही त्या घरच्या बाया आहेत.

पुढच्या बैठकीत गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला बोलवा. बहात्तरच्या कामाबद्दल विचारा आणि ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. आणि गावात काम नसेल, तर ग्रामपंचायतीत कामाची मागणी लेखी द्या. तिची पोच घ्यायला विसरू नका.