मॅन बेटाची शर्यत

इंग्लंड व आयर्लंड यांमधील समुद्रांतलें मॅन बेट एके काळीं लँकेशायरच्या गिरणी-कामगारांचें सुटी घालविण्याचें ठिकाण होतें. त्याला शर्यतीचें माहेरघर बनविलें तें मात्र एका कायद्यानें. ब्रिटननें १९०३ सालीं मोटारींचा वेग ताशीं २० मैलांवर रोखला. शर्यतीसाठीं रस्ते बंद करण्याचीही तेथें सोय नव्हती. बेटाचें विधिमंडळ, टिनवाल्ड, स्वतंत्र; त्यानें १९०४ मध्यें ती मुभा देऊन टाकली! २८ मे १९०७ रोजीं मोटारसायकलींची पहिली 'टूरिस्ट ट्रॉफी' झाली. चार्ली कॉलियर ताशीं सुमारें ३८ मैलांच्या वेगानें जिंकला. शर्यतीचें नांवच प्रवाशांचें, हा योग मोठा सूचक.

१९११ पासून शर्यत स्नेफेल डोंगराच्या अंगावरून जाणाऱ्या पावणेअडतीस मैलांच्या रस्त्यावर आली, आणि त्याच वर्षीं व्हिक्टर सरिज सरावांत मरण पावला. पुढें या मार्गानें अडीचशेंहून अधिक बळी घेतले. १९७२ मध्यें पार्लोटी गेला. त्याचा मित्र आगोस्तिनी यानें येथें पुन्हां धांवण्याचें साफ नाकारलें. १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदांतलें स्थानही गेलें.

तरी बेटाला शर्यत सोडवेना. सुटीकर स्वस्त विमानांनीं स्पेनच्या उन्हाकडे वळलेले. राहिलें होतें तें हेंच उत्पन्न. मे-जूनच्या त्या पंधरवड्यांत हॉटेलें अपुरीं पडतात, आणि गृहस्थ आपल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानें देतात. शर्यत थांबली कीं डोंगरावरचा रस्ता एकेरी करून खुला होतो, आणि प्रेक्षक स्वतःच्या मोटारसायकलींवरून त्याच वळणांकडे निघतात.